बैठकीसाठी कॅसेट डेक घेताना

१९९६ साली आमच्या डोंबिवलीतल्या छोट्याशा संगीत मंडळाने दर महिन्याच्या बैठकीचं ध्वनिमुद्रण नीट करायचं ठरवलं आणि डेक निवडण्याचं काम माझ्याकडे आलं. तोवर कुणीतरी घरचा टू-इन-वन आणून पेटीच्या शेजारी ठेवून द्यायचं. त्या यंत्रात आवाजाची पातळी आपोआप ठरवणारं सर्किट असतं. गायक श्वास घ्यायला थांबला की ते पातळी वर चढवतं. मग तानपुरे, पंखा, मागच्या रांगेतला खोकला, सगळंच अंगावर येतं. समेवर तबल्याची थाप पडली की तेच सर्किट सगळं खाली दाबतं आणि गळा बुडतो. गायकाने तार षड्जाला लावलेली पुकार टेपवर मंद्रातल्या आलापाइतकीच मोठी ऐकू यायची. कलाकार दोन-अडीच तास जीव ओतून गातात आणि मागे उरतं ते असं, हे मला सहन होत नव्हतं.

कॅसेटच कशाला, असा प्रश्न मंडळात निघालाच. डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, येऊन तोवर नऊ वर्षं झाली होती, मिनीडिस्कही १९९२पासून बाजारात होती. आवाजाच्या बाबतीत डॅट कॅसेटच्या पुष्कळ पुढे होतं, यात वाद नव्हता. पण डॅटची टेप आमच्याकडे सहज मिळत नव्हती आणि मंडळात एकाच्याही घरी ती वाजवायचं यंत्र नव्हतं. स्पूलचं मशीन एकाने देऊ केलं होतं. ते उचलून तीन जिने चढवायला दोन माणसं लागायची आणि टेपचा खर्च परवडणारा नव्हता. कॅसेट मात्र घरोघरी वाजत होती. शिवाय मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटत होती: बैठक झाल्यावर आठ दिवसांत कलाकाराच्या हातात प्रत पडली पाहिजे आणि ती त्याला स्वतःच्या घरी ऐकता आली पाहिजे.

कमिटीतल्या बहुतेकांच्या मनात डबल कॅसेट डेक होता. एका बाजूने वाजवा, दुसऱ्या बाजूला प्रत काढा, तीही दुप्पट वेगाने. आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे नाना म्हणतात, मला म्हणाले, "अरे, पाच जणांना प्रती हव्या असतात. डबल घेतलास तर काम सोपं होईल." मी म्हटलं, "नाना, प्रती दोन डेक जोडून कुणाच्याही घरी काढता येतील. पण बैठकीत जे टेपवर उतरलंच नाही, ते प्रतीत कुठून येणार?" त्यांनी माझं ऐकलं, पण ऑटो-रिव्हर्स तरी असू दे, असा आग्रह धरला. त्या मागणीत तथ्य होतं. एलपीच्या एका बाजूत वीस-बावीस मिनिटं मावायची, त्यामुळे बडा ख्याल कापूनछाटूनच यायचा. सी-९०ची एक बाजू ४५ मिनिटांची. विलंबित एकतालातला ख्याल रंगला की तो ४५ मिनिटांत आटपत नाही, आणि नेमकी रागविस्ताराच्या ऐन भरात टेप संपते. ऑटो-रिव्हर्स असेल तर दोन-तीन सेकंदांत पुढची बाजू सुरू होते.

तरीही ऑटो-रिव्हर्स मी घेतला नाही, आणि त्याचं कारण जरा तपशिलात सांगायला हवं, कारण डेकची निवड शेवटी याच गोष्टीवर ठरली.

कॅसेटची टेप ३.८१ मिलिमीटर रुंद. त्यावर येताना दोन आणि जाताना दोन असे चार ट्रॅक बसवायचे. वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर; स्टुडिओतलं स्पूलचं मशीन ३८ सेंटिमीटरनं चालतं, म्हणजे आठपट. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली तेव्हा कागदपत्रांचं डिक्टेशन वगैरे कामं डोळ्यांपुढे होती. संगीत त्यात मागाहून बसवलं गेलं. एवढ्या कमी वेगाने टेप चालली की १५ किलोहर्ट्‌झच्या ध्वनीची लहर टेपवर जेमतेम तीन मायक्रॉन लांबीची उमटते. ती वाचायची तर हेडमधली, म्हणजे टेपवर आवाज उमटवणाऱ्या आणि वाचणाऱ्या चुंबकी भागातली, फट त्याहून बारीक हवी आणि ती टेपच्या प्रवासाला अगदी काटकोनात हवी. या कोनाला अ‍ॅझिमथ म्हणतात. तो किंचित जरी कलला तरी वरचे स्वरांश, म्हणजे स्वरातली उंच कंपनं, आधी मरतात.

आता आपल्या संगीतात ते वरचे स्वरांश कुठे असतात? तानपुऱ्याच्या जवारीत, म्हणजे तार घोडीला हलकेच घासून उठणाऱ्या झंकारात. पुस्तकातल्या आलेखांपेक्षा मला हीच कसोटी विश्वासाची वाटली. जवारी खुली लागलेला तानपुरा रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या डेकवर वाजवा. कोन चुकलेला असेल तर तार वाजते, खर्ज ऐकू येतो, पण त्यातून उठणारी ती झिलई गायब असते. ऑटो-रिव्हर्सच्या बऱ्याच डेकमध्ये बाजू बदलताना हेडच १८० अंशांत गरकन फिरतं. दर वेळी ते फिरून तंतोतंत त्याच कोनात बसलं पाहिजे, आणि दोन्ही दिशांना ते वेगवेगळ्या स्क्रूवर टेकतं. नवं असताना बसतंही. वर्षभर वापरल्यावर बसेलच याची खात्री मला कुणीही दिली नाही. लॅमिंग्टन रोडच्या एका जुन्या मेकॅनिकने तर स्पष्टच सांगितलं, "साहेब, गाडीत ऐकायला ऑटो-रिव्हर्स घ्या. रेकॉर्डिंगला हेड जागचं हलता कामा नये." मला ते पटलं. ४५ मिनिटांच्या अडचणीवर उपाय म्हणून टीडीके आणि मॅक्सेलच्या १०० मिनिटांच्या कॅसेट घ्यायचं ठरवलं. त्यात बाजूला पाच मिनिटं जास्त मिळतात. सी-१२० मात्र घ्यायची नाही. तिची टेप इतकी पातळ असते की ताणली जाते आणि टेप दाबून धरणाऱ्या रबरी पिंच रोलरला गुंडाळलीही जाते.

यापुढचा मुद्दा वेगाचा. माझं ठाम मत आहे की शास्त्रीय संगीत रेकॉर्ड करणाऱ्याने डेकमध्ये सगळ्यात आधी वेग बघावा. डॉल्बी (टेपची सरसर कमी करणारी यंत्रणा), मीटर, रिमोट हे सगळं त्यानंतर. पियानोच्या सुरात वेगाची थरथर कळते असं परदेशी मासिकांत वाचलं होतं. आपल्याकडे पेटी आणि तानपुरा आहेत, आणि त्यांचा सूर संपूर्ण बैठकभर अखंड चालू असतो. लपायला जागाच नाही. दुसरं असं की २२ श्रुतींच्या हिशेबात प्रमाणश्रुतीचं, म्हणजे सगळ्यात लहान स्वरांतराचं, गुणोत्तर ८१:८०, म्हणजे सव्वा टक्का. डेकचा वेग सव्वा टक्क्याने पुढे-मागे असेल तर काळी एक पट्टीतलं गाणं तेवढ्याने चढतं किंवा उतरतं. टेप लावून सोबत तानपुरा छेडणाऱ्या विद्यार्थ्याला तो फरक लगेच टोचतो. घरगुती यंत्रांत इतका फरक सर्रास सापडायचा.

दुकानात जाताना मी रॅडेलचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा पिशवीत घालून न्यायचो. एका ओळखीच्या मेकॅनिककडून त्याला बाहेर जाणारी वायर काढून घेतली होती, ती थेट डेकच्या लाइन-इनला लागायची. काळी एकला लावून दहा मिनिटं रेकॉर्ड करायचं, टेप मागे न्यायची आणि वाजवायची. त्याच वेळी पिशवीतला तानपुरा परत सुरू करायचा. दोन षड्ज एकमेकांवर आले की डेकची सगळी लक्षणं बाहेर येतात. वेग स्थिर असेल तर दोन्ही सूर मिसळून एक होतात, किंवा अगदी संथ, सारख्या लाटा येतात. डेक डळमळत असेल तर लाटांची गती बदलत राहते: मधेच जलद, मधेच थांबलेली. एका दिसायला फार देखण्या डेकवर षड्ज असा काही लहरत होता की दुकानदारानेच आवाज बंद केला. ही चाचणी कॅसेटच्या सुरुवातीला, मध्यावर आणि अखेरीस अशी तीनदा करायची, कारण एका रिळावरची टेप दुसऱ्यावर जाते तसा ओढीचा ताण बदलतो. सुरुवातीला नीट चालणारा डेक शेवटच्या पाच मिनिटांत मार खाताना मी पाहिला आहे.

फक्त एवढं ध्यानात ठेवावं लागतं की त्याच डेकवर रेकॉर्ड करून त्याच डेकवर वाजवलं तर वेग मुळातच कमी-जास्त असल्याचं कळत नाही. दोन्ही वेळा चूक सारखीच होते. म्हणून तीच कॅसेट शेजारच्या दोन-तीन डेकवर लावून बघायची. तिथे सूर बदलला तर कुणीतरी एक जण खोटा बोलतोय. ही चूक तशी किरकोळ. बहुतेक मोटरच्या पाठीला एक भोक असतं, आत बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की वेग जुळतो. थरथर मात्र स्क्रूने जात नाही. ती कॅपस्टन (टेप ओढणारा फिरता दांडा), बेअरिंग, पट्टा आणि रबर यांच्या घडणीत असते, म्हणून तिच्यासाठी चांगलंच यंत्र घ्यावं लागतं.

इथे दुहेरी कॅपस्टनचं महत्त्व मला पटलं. साध्या डेकमध्ये एकच कॅपस्टन टेप ओढतो, आणि हेडसमोर ती नीट दाबून धरण्याचं काम कॅसेटच्या आतली फोमची गादी करते. दुहेरीमध्ये हेडच्या दोन्ही बाजूंना कॅपस्टन असतात आणि मधला टेपचा तुकडा ठरावीक ताणात राहतो. कॅसेटचं कवच आणि गादी यांच्या दर्जावरचं अवलंबून राहणं कमी होतं. आमच्या बाजारातल्या रिकाम्या कॅसेट कधी पाच स्क्रूच्या पक्क्या कवचाच्या, तर कधी नुसत्या चिकटवलेल्या. त्यामुळे आम्हाला याची गरज जास्त होती.

आणि तीन हेड. नाकामिचीने १९७३ साली मॉडेल १०००मध्ये कॅसेटसाठी पहिल्यांदा तीन हेड बसवले. दोन हेडच्या डेकमध्ये एक हेड पुसतं आणि दुसरंच रेकॉर्डही करतं आणि वाजवतंही. पण रेकॉर्ड करायला फट थोडी मोठी लागते आणि वाजवायला बारीक, म्हणून तिथे तडजोड आलीच. तिसरं हेड असलं की दोन्ही कामांना आपापली फट मिळते. आमच्यासारख्यांना त्याहून मोठा फायदा दुसराच: रेकॉर्ड होत असतानाच टेपवर काय उतरलंय ते हेडफोनमध्ये ऐकता येतं. टेप-सोर्सचं बटण टेपवर ठेवलं की गायकाचा आवाज निमिषभर मागून येतो, आणि जे ऐकू येतं ते प्रत्यक्ष टेपवरचं असतं. बैठक परत होत नाही. बागेश्री संपल्यावर घरी जाऊन टेप लावायची आणि मग कळायचं की डावी बाजू उमटलीच नाही, हा धोका तिसऱ्या हेडने जातो. ते हेडफोन कानाला लावल्यावर मी कमिटीपुढे दुसऱ्या कुठल्या प्रकाराची वकिली करूच शकलो नसतो.

दादरच्या एका रसिकाकडे नाकामिची ड्रॅगन ऐकायला मिळाला. १९८२चं हे यंत्र लावलेल्या कॅसेटप्रमाणे वाजवणाऱ्या हेडचा कोन स्वतःहून जुळवून घेतं. त्यांच्याकडच्या एका जुन्या, मंद वाटणाऱ्या खासगी बैठकीच्या टेपमध्ये काही सेकंदांत जवारी परत आलेली मी स्वतः ऐकली. किंमत ऐकून विषय तिथेच थांबला, पण कॅसेटमध्ये काय दडलेलं असतं ते त्या संध्याकाळी समजलं. टॅस्कमचा १२२ एमके-३ हा व्यावसायिक डेकही यादीत होता: तीन हेड, वेग कमी-जास्त करण्याची सोय, स्टुडिओच्या केबलची जोडणी. मजबुतीत त्याला तोड नव्हती. फक्त त्यात डॉल्बी बी आणि सी होतं, एस नव्हतं. यामाहाचा केएक्स-५८०ही चांगला वाजला, डॉल्बी एससकट. पण हेड दोनच.

डॉल्बीबद्दल मंडळात फार गोंधळ होता, म्हणून थोडं सांगतो. टेपची सरसर प्रामुख्याने वरच्या पट्टीत असते. डॉल्बी रेकॉर्ड करताना त्या पट्टीतले हळू आवाज वाढवून ठेवतं आणि वाजवताना तेवढेच उतरवतं. त्याबरोबर सरसरही खाली जाते. बी साधारण १० डेसिबल, सी २० डेसिबल, एस वरच्या पट्टीत २४ डेसिबलपर्यंत. गोम अशी की चढवणं आणि उतरवणं तंतोतंत जुळलं पाहिजे. पातळी थोडी चुकली तर आलापात विचित्र गोष्ट घडते: स्वर लागला की त्याच्यामागून सरसर उठते आणि स्वर सोडला की बसते. भरगच्च वाद्यवृंदात हे झाकलं जातं, एकट्या गळ्याच्या मागे उघडं पडतं. सीने रेकॉर्ड केलेली कॅसेट साध्या प्लेअरवर तर कर्कश आणि धापा टाकल्यासारखी वाजते. एसची कॅसेट बीवर बरी चालते, ती तशीच आखलेली आहे. म्हणून ठरवलं की मंडळाची मूळ प्रत एसमध्ये ठेवायची आणि लोकांना द्यायच्या प्रती डॉल्बीशिवाय काढायच्या.

या सगळ्या अटी आमच्या कुवतीत बसवणारा डेक सोनीचा टीसी-के६११एस निघाला: तीन हेड, दुहेरी कॅपस्टन, डॉल्बी बी-सी-एस आणि एचएक्स प्रो. एचएक्स प्रोचा उपयोग तबल्याला होतो. टेपवर नोंद करताना आवाजाबरोबर बायस नावाचा, कानाला ऐकू न येणारा उच्च कंपनांचा प्रवाह द्यावा लागतो. चाटीवरच्या, म्हणजे तबल्याच्या काठावरच्या, खणखणीत ‘ना’मध्ये वरची कंपनं इतकी असतात की तीच बायससारखं काम करू लागतात आणि एकूण बायस जास्त होतो. एचएक्स प्रो त्या क्षणापुरता बायस कमी करतं. त्यामुळे जोरकस तिहाईतही चाटीची धार बोथट होत नाही.

डेक आणायचा कुठून, हाही प्रश्न होता. एका सभासदाचे भाऊ न्यू जर्सीहून येणार होते, पण तिकडचा डेक १२० व्होल्टचा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर जवळ ठेवला की त्याची गुणगुण टेपवर येण्याची भीती. त्यापेक्षा सिंगापूरहून येणाऱ्या एका भाचीकडून २४० व्होल्टचा मागवला. कस्टम ड्यूटीची पावती तिने जपून आणली, तिची नोंद मंडळाच्या हिशेबात आहे. आल्या दिवशी नाना घरी आले, इलेक्ट्रॉनिक तानपुरा त्यांनीच लावला आणि बराच वेळ दोन षड्ज ऐकत बसले. मग म्हणाले, "लाट नाही रे."

यंत्राला माइकची जागा नव्हती, त्यामुळे छोटा मिक्सर घ्यावा लागला. टेप कुठली वापरायची ते बायसच्या घुंडीवर ठरवलं. एफएमची दोन स्टेशनांमधली मोकळी सरसर थोड्या कमी पातळीवर रेकॉर्ड करायची आणि टेप-सोर्सचं बटण आलटून-पालटून दाबत घुंडी फिरवायची. टेपवरची सरसर मूळपेक्षा झगझगीत वाटली तर बायस कमी आहे, मंद वाटली तर जास्त. दोन्ही एकसारख्या झाल्या की त्या टेपचा आकडा वहीत लिहायचा. टीडीकेची एसए सगळ्यात सहज जुळली, म्हणून मूळ प्रतींसाठी तीच कायम केली. मेटल टेप आणखी जोर सोसते, पण दर महिन्याला ती परवडणारी नव्हती. साधी फेरिक टेप प्रतींसाठी ठेवली.

पहिली बैठक किराणा घराण्याच्या एका तरुण गायिकेची होती. रेकॉर्डिंगची परवानगी आधी फोनवर घेतली होती, मंचावर पुन्हा विचारली. तालीम म्हणून तबलजींना आधी जोरात तिहाई वाजवायला सांगितलं, त्यावर मीटरची वरची सीमा ठरवली आणि नंतर रात्रभर घुंडीला हात लावला नाही. सगळ्यात मोठा मोह तोच असतो: आलाप हळू वाटला की हात घुंडीकडे जातो. जाऊ द्यायचा नाही. मंद्र षड्जाला मीटर जेमतेम हलत होता, तार सप्तकात तो शून्याच्या वर गेला, आणि हेडफोनमध्ये गाणं जसंच्या तसं होतं. बाजू पलटली ती बडा ख्याल संपून छोटा सुरू होण्याआधी, पेटीवाले पाणी पीत असताना.

बाईंनी दहा दिवसांनी प्रत ऐकून नानांना फोन केला आणि आणखी एक प्रत मागितली, त्यांच्या गुरुजींसाठी. त्यांच्याकडे कुठला प्लेअर आहे ते आधी विचारून घेतलं. डॉल्बीचं बटण नव्हतं, म्हणून ती प्रतही साधीच काढली आणि आतल्या कार्डावर राग, ताल, टेपचा प्रकार, तारीख आणि ‘डॉल्बी बंद’ असं लाल शाईत लिहून पाठवली.